रागातली लागवड

कॉर्पस क्रिस्टीच्या गुरुवारी सकाळी फुलबासीला राग येईना.

बिछान्यात उठून बसून ती मघापासून प्रयत्न करत होती. आधी तिने लग्नातली खिचडी आठवून पाहिली. मग नवरा आठवला. तोंडाचा आ वासलेला, जीभ बाहेर, फेट्यासकट डोकं पावसाच्या पाण्याच्या पिंपात. एवढं आठवल्यावर पूर्वी तिच्या कानशिलाची शीर ताडताड उडायची. आज फसकन हसू आलं. तिने घाबरून दाराकडे पाहिलं. कोणी ऐकलं असतं तर घरात हलकल्लोळ झाला असता.

खरं सांगायचं तर राग संपूनही बरीच वर्षं झाली होती. नक्की कधी संपला ते तिलाही ठाऊक नव्हतं. एका वर्षी वाफ्यात उभी राहून ती राग शोधायला गेली, आणि घरभर चष्मा शोधावा तसा शोधूनही तो सापडला नाही. त्या वर्षी तिने नाटक केलं. शिव्या घातल्या, रोपं मातीत आदळली, काठी फेकली. धास्ती वाटत होती, की आता मिरची फिकी निघणार आणि आपलं बिंग फुटणार. पण मिरची निघाली नेहमीसारखीच जहाल. पुढच्या वर्षीही तशीच. तेव्हापासून तिने मनाशी पक्कं केलं होतं, की रागाचा आणि मिरचीचा काडीइतका संबंध नाही. हे ज्ञान मात्र तिने कोणाला दिलं नाही.

कारण सगळ्या मोरुगा गावात लहान पोरालाही ठाऊक होतं, की विंचू, म्हणजे ही मिरची, लावावा तो तापल्या डोक्याने. लावणाऱ्याचा हात शांत असेल तर त्याची भोपळी मिरची होते. बाकीचा गाव कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला मका लावी, भोपळा लावी, काय वाटेल ते लावी. ख्रिस्ती लोक चर्चमधून येऊन लावत, हिंदू आंघोळ करून लावत, कारण या दिवशी मातीत खुपसलेली छत्रीसुद्धा फुटते म्हणतात. फुलबासीच्या माहेरी, सीबरनांच्या घरी मात्र फक्त विंचू लागायचा. लालभडक, सुरकुतलेला, बुडाशी नांगीसारखं शेपूट असलेला. कालवणाच्या मोठ्या पातेल्यात अख्खी मिरची देठाला धरून सोडायची आणि फुटायच्या आत उचलून घ्यायची, की गावजेवणाला पुरते. फुटली तर पातेलं कुत्र्यांपुढे, आणि कुत्री शेजारच्या गावात. किनाऱ्यावरचे कोळी ती वाटून होडीच्या रंगात घालत, म्हणजे तळाला शिंपले चिकटत नाहीत. शिंपल्यांनासुद्धा जिवाची काळजी असते.

अशा मिरचीला हात लावायचा मान चौतीस वर्षं फुलबासीकडे होता, आणि तो तिला तिच्या लग्नाने मिळवून दिला होता.

फेरे झाले, भांगात शेंदूर पडला, आणि नवरदेव हरिलाल खिचडीला बसला. खिचडीला बसलेल्या नवऱ्याने मनासारखा आहेर पडेपर्यंत घासाला हात लावायचा नाही, अशी रीतच आहे. पण रीतीलाही काही माप असतं. हरिलालने गाय घेतली, शिलाई मशीन घेतलं, फ्रिज घेतला आणि छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं. तेव्हा सतरा वर्षांच्या द्रुपतीचं, म्हणजे फुलबासीच्या धाकट्या बहिणीचं, डोकं फिरलं. तिने परसातला एक पिकला विंचू खिचडीत कुस्करला. पंखा उतरल्यावर हरिलालने एकच घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्याच हाताने डोळे पुसले, आणि मग जे झालं ते झालं. वरात पेनालला परत गेली, नवरीला न घेता. फ्रिज मात्र घेऊन गेली. हरिलाल पुढे न्यूयॉर्कला गेला आणि तिथेच राहिला. फुलबासी ना सासरची झाली ना माहेरची राहिली. त्या वर्षी तिने बहिणीला तळतळाट देत विंचवाची रोपं लावली, आणि त्या मिरचीच्या एका चटणीने पाद्रीबाबांना दोन रविवार प्रवचन देता आलं नाही. तिथून तिचं नाव झालं.

घर भावाचं, जमीन भावाची. फुलबासीची म्हणावी अशी त्या घरात एकच वस्तू होती, तिचा राग. त्याच्या जोरावर तिला वाऱ्याची खोली होती, गॅलरीतला झोपाळा होता, पहिलं ताट होतं आणि सुरमईचा मधला तुकडा होता. पुतण्या केल्विन जो मिरचीचा सॉस बाटल्यांत भरून विकायचा, त्यावर 'रागीट फुवा', म्हणजे रागीट आत्या, असं नाव होतं आणि तिचा कपाळाला आठ्या घातलेला फोटो. दुकानदार तो फोटो बघून पैसे वेळेवर देत.

*

स्वयंपाकघरात भावजय कोसील रोटी फुगवत होती. एकतीस वर्षांत कोसीलचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. तिने वांग्याच्या भरताची बशी फुलबासीपुढे सरकवली. भरतात मीठ बचकभर. लागवडीच्या दिवशी फुलबासीला चिडवायची कामं घरात वाटून दिलेली असत, आणि मिठाचं काम कोसीलकडे होतं.

फुलबासीने ते खारट भरत निमूट गिळलं. तिला नेहमी वाटायचं, ही बाई मीठ जरा जास्तच मनापासून घालते.

"दीदी," कोसील तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "द्रुपती दीदी रविवारी निघाल्या."

"कुठे?"

"टोरंटोला. लेकीकडे. घर विकलं त्यांनी. आता परत यायच्या नाहीत."

रोटीचा घास फुलबासीच्या हातात राहिला. द्रुपतीचं ला लून काही लांब नव्हतं, मॅक्सी टॅक्सीने गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचता येतं. चौतीस वर्षं ती गेली नव्हती. आधी रागाने गेली नाही, आणि राग गेल्यावर, राग गेलाय हे कळू नये म्हणून गेली नाही. द्रुपती तिथे आहे, हाकेच्या अंतरावर आहे, कधीतरी जमेल, असं तिने धरून ठेवलं होतं. टोरंटो हाकेच्या अंतरावर नव्हतं.

"मला काय करायचंय," ती म्हणाली. "जाऊ दे नाहीतर बुडू दे."

"तसं नाही, दीदी. मी आपलं सांगितलं." कोसीलने रोटी उलटली. "त्या फाटकापाशी येऊन बसल्यात म्हणे. ह्यांनी कुलूप घातलंय."

तेवढ्यात ह्यांची स्वारी आत आली. बसदेव फुलबासीपेक्षा लहान, पण पोटाने मोठा. त्याच्यामागे केल्विन, हातात रोपांचा ट्रे.

"काय मग, दीदी," बसदेवने ठरल्याप्रमाणे सुरुवात केली, "हरिलालची बातमी ऐकलीस का? न्यूयॉर्कात तिसरा बंगला घेतलान म्हणे. बायको गोरी आहे."

"बरं झालं."

बसदेव आणि केल्विनने एकमेकांकडे पाहिलं.

"फुवा, बरं झालं काय?" केल्विन म्हणाला. "गोरी बायको म्हणतायत बाबा. तुझ्या जागी."

फुलबासी भानावर आली. तिने बशी आदळली. "मरो मेला! त्याच्या बंगल्याला आग लागो, आणि पंखा चालू असताना लागो."

शब्द बरोबर होते, पण सुरात दम नव्हता. तिचं सगळं लक्ष फाटकाकडे होतं.

"हिला झालंय काय?" बसदेव हलक्या आवाजात म्हणाला.

"बाबा, यंदा बार्बाडोसची ऑर्डर आहे. मी त्यांना सांगून बसलोय, की गेल्या सालापेक्षा तिखट देतो."

"मला बघू दे." बसदेवने बहिणीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "हे बघ, गालावर काय आहे ते. ही हसली होती सकाळी."

"मी? हसेन कशाला?"

"तोंडावर तरतरी आलीय, दीदी. माझ्यापासून लपवू नकोस. नजर लागलीय तुला. ही बाहेर येऊन बसलीय ना, तिचीच. कोसील, मीठ आण. लसणाची सालं आण. मिरची आण."

"घरात साधी मिरची संपलीय," कोसील म्हणाली.

"मग विंचू आण की. घरचाच आहे."

कोसीलच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिने फडताळातून वाळवलेल्या विंचवांची बरणी काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः परसदारापाशी जाऊन उभी राहिली, पदर नाकाला लावून.

नजर काढायला साधी मिरची लागते, आणि ती जळल्यावर ठसका लागला नाही तर नजर लागलीय असं धरतात. बसदेवने विंचू घेतले, तेही मूठभर, बहिणीवर प्रेम होतं म्हणून. ते सगळं फुलबासीवरून उतरवलं आणि, वाऱ्याने निखारे उडू नयेत म्हणून खिडक्या लावून घेऊन, चुलीत टाकलं.

नजर लागलेली नव्हती हे ताबडतोब सिद्ध झालं.

पहिल्यांदा केल्विन खोकला. मग बसदेव काहीतरी बोलायला गेला आणि त्याचा आवाजच गेला. फुलबासीला वाटलं कोणीतरी घशात तापलेली सळई घातली. पांढरा धूर चुलीतून उठून छताला लागला आणि खाली उतरला. डोळे मिटले तरी झोंबत होते, उघडले तर आणखी. कोणीतरी टेबल पाडलं. कोणीतरी देवाचं नाव घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. फुलबासी चाचपडत गॅलरीत आली, झोपाळ्याला थडकली, पायऱ्या उतरली. मागे धूरही उतरला. वारा नेमका समुद्राकडून होता, म्हणजे पळायला जागा एकच, रस्ता.

"कुलूप," बसदेव घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कुलूप काढ."

"किल्ली तुमच्याकडे आहे, बाबा."

"डोळे उघडत नाहीत रे."

किल्ली शेवटी कोसीलने लावली. परसातून चक्कर मारून ती चांगली सावकाश आली होती आणि तिचे डोळे कोरडे होते. फाटक उघडलं आणि सीबरन कुटुंब खोकत, थुंकत, नाक पुसत रस्त्यावर ओतलं गेलं.

समोर ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली, पालथ्या बादलीवर, मांडीत पातेलं घेऊन द्रुपती बसली होती.

*

केस पांढरे झाले होते. एवढंच फुलबासीला आधी दिसलं, आणि तेही पाण्यातून. सतरा वर्षांची पोर तिच्या डोळ्यांपुढे होती, आणि इथे एक म्हातारी बसली होती, तिच्याच आईसारखी दिसणारी.

"कोणाची नजर काढत होता?" द्रुपतीने विचारलं. आणि वाऱ्याचा झोत तिच्यापर्यंत पोचल्यावर तीही खोकायला लागली.

"तुझी," बसदेव म्हणाला. डोळे मिटून तो दोघींच्या मध्ये उभा राहायला बघत होता, पण तोंड झाडाकडे होतं. "तू जा बघू. नंतर ये. लागवड झाल्यावर ये."

"रविवारी माझं विमान आहे, बास."

"मग विमानतळावर आणतो हिला. आज नको. आज हिला रागवायचंय."

"छोटी फुवा, फक्त दुपारपर्यंत," केल्विन हात जोडून म्हणाला. "नाहीतर असं करा, तुम्हीच काहीतरी लागेल असं बोला. म्हणजे तुमची भेटही होईल आणि आमचं कामही."

द्रुपतीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "हा तुझा मुलगा ना, बास? वाटलंच."

"दीदी," ती मग बहिणीकडे वळली. "मी माफी मागायला आलेली नाही. त्या माणसाला मी पुन्हा मिरची घालीन. पण तुझी वरात माझ्यामुळे गेली, ते मी विसरलेली नाही. जाण्याआधी एकदा तुझ्याबरोबर जेवावं म्हणून खिचडी करून आणलीय. नसेल खायची तर ओतून टाक, पण माझ्यासमोर टाक."

सगळे फुलबासीकडे बघत होते. तिला कळत होतं, की आता ओरडलं पाहिजे. एक शिवी हासडली की पुढचं वर्ष निश्चिंत. खोली, झोपाळा, सुरमईचा तुकडा. द्रुपती पातेलं उचलून जाईल, रविवारी विमानात बसेल, आणि पुढच्या कॉर्पस क्रिस्टीला आठवायला हीच एक पांढऱ्या केसांची म्हातारी राहील. फुलबासीने तोंड उघडलं. शिवी जिभेवर तयार होती.

"मला राग नाही आलेला," ती म्हणाली.

"धुरामुळे बोलतेय ती," बसदेव म्हणाला.

"धुरामुळे नाही. गेली कितीतरी वर्षं नाही आलेला. मी नाटक करत होते."

केल्विन खाली बसला.

"नाटक?" बसदेवने एक डोळा कसाबसा उघडला. "आणि मी दरवर्षी तुझ्यासाठी हरिलालच्या बातम्या शोधत फिरतो ते?"

"शोधतोस कुठे, रचतोस. मागच्या साली तो हॉटेलचा मालक होता, त्याच्या आधी नगरपिता."

"अगं पण मिरची? मिरची कशी तापते मग?"

"आपली आपण तापते. तिला कशाला हवाय आपला राग? बी चांगलं आहे, माती चांगली आहे. एवढंच आहे ते."

हे बोलून टाकल्यावर फुलबासीला इतकं हलकं वाटलं, की ती सरळ जाऊन द्रुपतीच्या बादलीच्या कडेवर टेकली. दोघींना ती बादली पुरत नव्हती. द्रुपतीने तिचा हात धरला. दोघींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्यातलं धुराचं किती हे कोणी विचारलं नाही.

"आपली आपण तापत नाही," कोसील म्हणाली.

ती इतकी हळू बोलली, की नेहमीप्रमाणे पहिल्यांदा कोणाचं लक्षच गेलं नाही. मग बसदेव म्हणाला, "काय?"

"दीदींनी लावलेलं एक रोप जगत नाही. आदळून लावतात. मुळं मुडपतात, टाचेने दाबताना देठ मोडतो. पहिल्या वर्षीची जगली होती. मी सून होऊन आले त्या वर्षापासून एकही नाही."

"मग वाफ्यात उगवतं ते काय?" केल्विनने विचारलं.

"माझं. न्हाणीघरामागे डब्यांतून रोपं ठेवते मी. लावून झालं की दीदी रम घेऊन झोपतात, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी उठतात. तोवर सगळं उपटून नवं लावून होतं."

"तू तर पाणी घालायला जातेस," बसदेव म्हणाला.

"पाणीही घालते."

फुलबासी कोसीलकडे बघत राहिली. एकतीस वर्षं ही बाई तिच्यापुढे ताट ठेवत होती, आणि तिने एकदाही मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. गोल, शांत चेहरा होता. ओठ तेवढे घट्ट मिटलेले. ते असे किती काळ मिटलेले होते कोण जाणे.

"पण मग," बसदेव सावकाश म्हणाला, कारण विचार त्याच्यापर्यंत सावकाश पोचत होता, "मिरची तर जहाल निघते. म्हणजे लावणाऱ्याला... कोसील, तुला राग येतो?"

कोसीलने पदर कमरेला खोचला.

"माझ्यावर?"

"तुमच्यावर ओढ्याकडचे वाफे," ती म्हणाली. "केल्विनवर कुंपणालगतचे. बाटलीवर फोटो लावताना विचारलं नाही त्याने, आई, मिरच्या वाटतं कोण."

"आई—" केल्विन म्हणाला.

"आणि माझ्यावर?" फुलबासीने विचारलं.

कोसीलने तिच्याकडे सरळ बघितलं. "मधले सगळे, दीदी. तिथलाच विंचू सगळ्यात लाल असतो."

हे फुलबासीला झोंबलं, आणि धुरापेक्षा जास्त झोंबलं. तिला शरम वाटली. आपल्याजवळ असलेली एकमेव वस्तू म्हणून ती जो राग मिरवत होती, तोही तिचा नव्हता. तो ह्या मुक्या बाईचा होता, आणि खाल्ला मात्र तिने, सुरमईच्या मधल्या तुकड्यासकट.

केल्विनने पळताना बाहेर आणून रस्त्यावर ठेवलेला रोपांचा ट्रे कोसीलने उचलला. फाटकाला टेकवलेली टोकदार काठी घेतली. बसदेव तिच्यामागे दोन पावलं गेला, मग थांबला, मग पुन्हा गेला.

"मी धरू का ट्रे?"

"नको."

"पाणी आणू?"

"तिथे उभं राहून प्रश्न विचारा," कोसील म्हणाली. "तेवढं पुरे."

धूर आता ओसरला होता. दोघी बहिणी गॅलरीत येऊन बसल्या. द्रुपतीने पातेलं उघडून खिचडी वाढली, वर तुपाची धार धरली. फुलबासीने ताटाला हात लावला नाही. ती हाताची घडी घालून छताकडे बघत बसली.

"काय झालं?" द्रुपती घाबरून म्हणाली. "मिरची नाही गं त्यात."

"पंखा कुठाय?"

द्रुपतीला समजायला एक क्षण लागला, मग ती इतकी हसली की तिला झोपाळ्याची दोरी धरावी लागली. फुलबासीही हसली. घरच्या माणसांसमोर, लागवडीच्या दिवशी, भरउजेडात हसली आणि कोणी धावत मीठ घेऊन आलं नाही.

वाफ्यांत कोसील वाकून काठीने भोकं पाडत होती. एकेक रोप हलक्या हाताने उतरवायची, माती अलगद ओढायची, ओठ तसेच घट्ट मिटलेले. असं इतकं नीट लावलेलं फुलबासीने कधी पाहिलं नव्हतं. तिने आपलं भरलेलं ताट उचललं आणि कठड्यापाशी गेली.

"दुलहिन," ती म्हणाली. भावजयीला मारायची ही हाक एवढ्या मऊ आवाजात तिने पूर्वी कधी मारली नव्हती. "ये वर. पहिलं ताट तुझं. मी वाढते."

कोसीलचा हात थांबला. ती वळली नाही. तिची पाठ जरा हलत होती.

"आत्ता नको, दीदी," ती म्हणाली. "संध्याकाळी म्हणा. अजून निम्मे वाफे राहिलेत. आत्ता तुम्ही गोड बोलायला लागलात तर पीक जाईल."

फुलबासी ताट घेऊन उभी राहिली. केल्विन खालून तिच्याकडे केविलवाणा बघत होता. तिने ते ताट झाकून बाजूला ठेवलं, कोसीलसाठी. मग झोपाळ्यावर पाय पसरून बसली, कपाळाला आठ्या घातल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "दुलहिन! खिचडीबरोबर लोणचं कोण आणणार? का तेही मीच उठून घ्यायचं?"

खाली वाफ्यात कोसीलची काठी खचकन मातीत घुसली.